गाडीची देखभाल आणि अपघात : नागपूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

एप्रिलमध्ये ऊन तापलं की, जूनमध्ये पहिली सर आली की आणि दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की हेच प्रश्न फिरून फिरून येतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. सर्व्हिस बुकातला क्रम इथे सापडणार नाही. जे बिघडलं तर जीव जाऊ शकतो ते आधी घेतलं आहे, जे बिघडलं तर नुसता खिशाला चाट बसतो ते नंतर. काही गोष्टी तर घेतल्याच नाहीत. पॉलिश, सीट कव्हर आणि एसीचा गारवा यांवर बोलणारे पुष्कळ आहेत.

अपघात ड्रायव्हरच्या चुकीने होतात. त्यात गाडीच्या सर्व्हिसिंगचा काय संबंध?

बहुतेक अपघात माणसाच्याच चुकीने होतात, यात वाद नाही. २०२२ साली देशभरात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली आणि सरकारी आकडेवारीत सर्वांत मोठा वाटा अतिवेगाचाच होता. पण पोलिसांच्या कागदावर एकच कारण लिहिलं जातं, रस्त्यावर मात्र दोन-तीन कारणं एकत्र येतात. समोर अचानक गाय आली, तुम्ही अर्धा सेकंद उशिरा ब्रेक दाबला. टायर आणि ब्रेक धड असतील तर गाडी गायीच्या अलीकडे थांबते, बायको दोन शब्द सुनावते आणि विषय संपतो. टायर घासलेले आणि ब्रेक पॅड संपलेले असतील तर तीच चूक, तोच अर्धा सेकंद, आणि कागदावर नोंद होते ‘चालकाचा निष्काळजीपणा’.

ताशी १०० किलोमीटर वेगात गाडी दर सेकंदाला जवळपास २८ मीटर पुढे जाते. चूक तर माणसाकडून होणारच. ती सावरायला किती मीटर मिळतील, हे बऱ्याच अंशी गाडीच्या तब्येतीवर ठरतं.

माझी गाडी शहरात एकदम मस्त चालते. समृद्धी महामार्गावर जायच्या आधी वेगळं काय तपासायचं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. शहरात गाडी मस्त चालते म्हणूनच तपासायची.

मानेवाड्याहून सीताबर्डी, सीताबर्डीहून धरमपेठ, मध्ये सिग्नल आणि मेट्रोच्या खांबांखालची गर्दी. या चालीत गाडी ताशी ४०-५०च्या वर क्वचितच जाते. इतक्या वेगात अर्धा संपलेला ब्रेक पुरतो, कमी हवेचा टायर चालून जातो आणि चाकांचं बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं असणं) बिघडल्याचं कळतही नाही. दोष असतातच, शहर ते झाकून ठेवतं. मग एखाद्या शुक्रवारी रात्री तीच गाडी पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन शिवमडक्याहून समृद्धीवर चढते आणि तास-दोन तास सलग १००-१२०ने पळते. वर्षभर दबून राहिलेला दोष तिथे बाहेर पडतो, आणि तो नेमका अशा वेगात बाहेर पडतो, जिथे सावरायला जागा नसते.

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता. डिसेंबर २०२२मध्ये शिर्डीपर्यंत सुरू झाला, जून २०२५मध्ये पूर्ण झाला. काँक्रीटचा, सरळ, लांबच लांब. उन्हाळ्यात दुपारी टायर तिथे जे सोसतो ते शहरात वर्षभरातही सोसत नाही. म्हणून शिर्डीला निघण्याआधी इंजिन ऑइलपेक्षा टायर बघा.

उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवायची ना? नाहीतर गरम होऊन टायर फुटतो म्हणतात.

नागपुरात सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात घातक गैरसमज हाच. पंप मारणाऱ्या पोरापासून पन्नास वर्षं गाडी चालवलेल्या काकांपर्यंत सगळे हाच सल्ला देतात.

होतं नेमकं उलटं. टायर फुटतो तो बहुतेक वेळा आतल्या हवेच्या दाबाने नाही, तर उष्णतेने. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि परत सरळ होते. ताशी १००च्या वेगात हे मिनिटाला आठशेच्या आसपास वेळा घडतं. या दबण्या-उलगडण्यातून उष्णता तयार होते, रबर आणि आतले धागे एकमेकांना सोडायला लागतात आणि एका क्षणी भिंत फाटते. बाहेर ४५ अंश आणि खाली तापलेलं काँक्रीट असेल तर हे सगळं लवकर होतं. गाडीत माणसं भरलेली असतील तर आणखी लवकर.

दाब किती हवा हे कंपनीने लिहून ठेवलेलं असतं. ड्रायव्हरचं दार उघडा, दाराच्या खांबावर स्टिकर दिसेल. बहुतेक गाड्यांना ३० ते ३६ पीएसआयच्या दरम्यानचा आकडा असतो, आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळा, जास्तीचा आकडा असतो. पाच माणसं आणि सामान असेल तर तो दुसरा आकडा वापरायचा.

हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. तापमान दर पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो, त्यामुळे तासभर पळवल्यावर मीटर चार-पाच पीएसआय जास्त दाखवेल. ते बरोबर आहे, ते गृहीत धरूनच आकडा दिलेला असतो. तो पाहून घाबरून हवा सोडू नका. सोडली तर टायर थंड झाल्यावर दाब कमी पडणार, आणि तुम्ही पुन्हा तिथेच.

नायट्रोजन भरला तर ही कटकट संपते का?

नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नुसता नायट्रोजन जरा हळू गळतो, एवढाच फरक. परवडत असेल तर भरा, पण मीटर लावणं सुटत नाही.

टायर गोटा झाला हे कसं ओळखायचं? वरून तर नक्षी दिसते.

वरून बघाल तर फसाल. टायरच्या बाजूच्या भिंतीवर, नक्षीच्या कडेला एक बारीक त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं शोधा. तिथून सरळ नक्षीच्या खाचेत बघा. खाचेच्या तळाशी रबराचा एक छोटा उंचवटा असतो. नक्षी झिजत झिजत त्या उंचवट्याला टेकली की खोली १.६ मिलिमीटर उरली. कायद्यानेही कारसाठी हीच हद्द आहे. माझं मत विचाराल तर पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर बदलावा. खाच पाणी बाहेर फेकते. ती उथळ झाली की पाण्याचा थर टायरखाली अडकतो, गाडी पाण्यावर तरंगते आणि स्टिअरिंग फिरवलं तरी जाते तिकडेच जाते.

आता आतली बाजू. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, खाली उतरा आणि पुढच्या चाकाची आतली कड हाताने चाचपा. एका गॅरेजमध्ये शिर्डीला निघालेल्या एका पांढऱ्या सेडानचं चाक असंच वळवलेलं पाहिलं. बाहेरची नक्षी ठसठशीत, दोन वर्षं सहज चालेल अशी. आतल्या कडेला मात्र रबर संपून तारांची जाळी दिसत होती. मालक रोज गाडी पुसायचा, पण पुसताना आतली कड कोण बघतो? अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा सरळपणा, बिघडलं की असं होतं. खड्डा, फुटपाथची कड, न रंगवलेला स्पीडब्रेकर, यातलं एकही कारण पुरतं.

गाडी कमी चालते. टायर सहा वर्षांचे आहेत, पण नवे दिसतात.

टायरच्या भिंतीवर ‘डीओटी’ या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर चालवून झिजतं तसं उन्हातही सुकतं, आणि आपल्याकडे उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीला ऊन काही कमी लागत नाही. भिंतीवर केसासारख्या भेगा दिसायला लागल्या की नक्षी कितीही खोल असो, तो टायर महामार्गावर न्यायचा नाही. पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणत्याकडून तपासून घ्या. स्टेपनीचीही तारीख वाचा. गाडीतला सगळ्यात म्हातारा टायर बहुधा डिकीत निघतो, आणि त्यात हवाही नसते.

बजेट दोनच टायरचं आहे. नवे पुढे लावू की मागे?

मागे. हे ऐकून टायरवालाही कधी कधी वाद घालतो. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जायला बघते, आणि पाय उचलला की बऱ्याचदा सावरते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते, तिला सावरणं साध्या माणसाचं काम नाही. म्हणून चांगली पकड मागे. आणि हो, पुढच्यांनाही धडधाकट नक्षी हवीच. गोटा झालेले टायर पुढे चालवायची ही परवानगी नाही.

ब्रेक लागतात की! मग मेस्त्री पॅड बदला म्हणून मागे का लागतो?

ब्रेक ‘लागणं’ आणि गाडी वेळेत थांबणं यात फरक आहे. नवं पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतं. ३ मिलिमीटरवर आलं की बदलायचं. पुष्कळ पॅडना एक पातळ पत्र्याची जीभ असते. पॅड संपत आलं की ती डिस्कला घासते आणि ‘चीं’ असा आवाज येतो. तो आवाज मुद्दाम ठेवलेला आहे, गाणं मोठं करून दाबू नका. ‘खर्र’ असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर पॅड संपून डिस्क खाल्ली जातेय असं समजा. मग खर्च दुप्पट.

पायाला कळणाऱ्या खुणा यापेक्षाही उपयोगाच्या आहेत. पेडल पूर्वीपेक्षा खाली जातंय, मऊ-स्पंजी लागतंय, दोनदा पंप मारल्यावरच घट्ट होतंय, ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला जातेय : यातलं एकही असेल तर त्याच दिवशी गॅरेज. वेगात ब्रेक मारताना पेडल थरथरत असेल तर बहुधा डिस्क वाकडी झालेली असते.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली खडखड होते, ती वेगळी. तो दोष नाही, यंत्रणा काम करतेय. पाय काढायचा नाही. पण एबीएसचा पिवळा दिवा गाडी सुरू झाल्यावरही विझत नसेल, तर ती यंत्रणा बंद आहे.

ब्रेक ऑइलही बदलायचं असतं? ते तर संपत नाही.

संपत नाही, पण पाणी पितं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. ‘डॉट ३’ दर्जाचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर तेच १४० अंशांवर येऊ शकतं. ‘डॉट ४’चे हेच आकडे २३० आणि १५५.

शहरात याने काही बिघडत नाही. चिखलदऱ्याच्या किंवा पचमढीच्या घाटातून भरलेली गाडी खाली आणताना बिघडतं. ड्रायव्हर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, सतत ब्रेकवर पाय. डिस्क तापते, ऑइल उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ मात्र दबते, आणि पेडल सरळ खाली जाऊन बसतं. ‘अचानक ब्रेक फेल झाले’ ही बातमी बऱ्याचदा अशी घडते.

ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी किती चालली ते न बघता. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. पातळी मात्र हळूहळू खाली जात असेल तर वरून ओतून मोकळे होऊ नका. एक तर पॅड झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळती आहे.

भाऊ, गाडी ८०च्या वर गेली की स्टिअरिंग थरथरून राहिलं. सोडून दिलं तर डावीकडे जाते.

दोन वेगळे आजार आहेत. ठरावीक वेगात थरथर म्हणजे बहुधा चाकांचं बॅलन्सिंग. सरळ सपाट रस्त्यावर एकाच बाजूला ओढणं म्हणजे अलाइनमेंट, किंवा नुसती त्या बाजूच्या टायरमधली कमी हवा. आधी हवा बघा, ते फुकट आहे. दोन्ही ठीक असूनही थरथर राहिली तर टाय रॉड आणि बॉल जॉइंट तपासून घ्या. स्टिअरिंग आणि चाक यांना जोडणारे हे सांधे आहेत, तिथे ‘चालून जाईल’ चालत नाही.

शॉकअप गेले की फक्त धक्के बसतात असं लोकांना वाटतं. चाक रस्त्यावरून उसळत असेल तर तेवढा वेळ ब्रेकला धरायला रस्ताच नसतो. बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन थांबली तर ठीक, डोलत राहिली तर शॉकअप बदलायला आले.

पावसाळ्याआधी काय करू?

वायपरचं रबर आधी. आपल्याकडच्या मे महिन्यात ते काचेवरच वाळून कडक होतं आणि पहिल्या पावसात पाणी पुसायच्या ऐवजी फासतं. काही शे रुपयांची वस्तू आहे. दर जूनला नवी लावा.

मग दिवे. पिवळी पडलेली हेडलाइटची काच पॉलिश करून घ्या. डिकी भरली की गाडीचं तोंड वर होतं आणि लो बीमसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगच्या उजवीकडे ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असतं, ते त्यासाठीच आहे. वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्यांनाही ते माहीत नसतं. बाजारातून बसवलेले पांढरेफेक एलईडी तुम्हाला झकास दिसतात, समोरून येणारा दुचाकीवाला मात्र दोन क्षण आंधळा होतो. ब्रेकलाइट घरच्या कुणाला मागे उभं करून तपासा, तुम्हाला बसल्या जागी ते कधीच कळणार नाहीत.

गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. वाळली, चालू झाली. आता ठीक ना?

सप्टेंबर २०२३मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा एका रात्रीत शहरातल्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. इंजिन सुरू होणं म्हणजे गाडी ठीक असणं नव्हे. चिखलाचं पाणी ब्रेकच्या पिस्टनपाशी, चाकांच्या बेअरिंगमध्ये, सीटखालच्या वायरिंगच्या जोडांत जातं आणि गंज पुढचे कित्येक महिने आपलं काम करत राहतो. एअरबॅगचं वायरिंगही त्यातच येतं. ब्रेक उघडून साफ करून घेणं, सगळी ऑइलं बदलणं आणि स्कॅनर लावून इलेक्ट्रॉनिक दोष तपासणं, एवढं तरी हवंच. पाणी ओसरल्याबरोबर स्टार्टर मारू नका, गाडी उचलूनच न्या.

जुनी गाडी घेत असाल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. बाहेरून सगळं धुतलेलं असतं, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ राहून जाते.

उन्हाळ्यात गाड्या पेट का घेतात? ऊन एवढं असतं म्हणून?

उन्हाने गाडी पेटत नाही. कापून जोडलेल्या वायरी, फ्यूजशिवाय बसवलेले हॉर्न आणि दिवे, गळणारी इंधनाची नळी आणि उंदीर, यांनी पेटते. उंदरांना हसू नका, बॉनेटखाली ऊब मिळते म्हणून ते हमखास येतात आणि वायरीचं आवरण कुरतडतात. सीएनजीची टाकी असेल तर दर तीन वर्षांनी तिची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली टाकीची तपासणी) करावीच लागते. गॅसचा वास आला की काच खाली, इंजिन बंद, आणि बाहेर.

कूलंट, बॅटरी, इंजिन ऑइल?

यांनी थेट अपघात होत नाही, गाडी बंद पडते. पण १२०च्या लेनमध्ये बंद पडलेली गाडी हाच एक अपघात आहे, मागून येणाऱ्या ट्रकला ती उशिरा दिसते. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, त्याऐवजी नळाचं पाणी ओतू नका. तापमानाचा काटा लालवर गेला तर कडेला थांबा आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. त्या वाफेने चेहरे भाजलेत लोकांचे.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊ की नेहमीच्या मेस्त्रीकडे?

वॉरंटी असेपर्यंत कंपनीकडे. नंतर जो माणूस काढलेला जुना पार्ट तुमच्या हातात देतो, त्याच्याकडे. कुठेही गेलात तरी ब्रेक पॅड डब्बा उघडताना स्वतः बघून घ्या, नकली माल सगळ्यात जास्त तिथेच खपतो. ‘नुसती सर्व्हिसिंग करून द्या’ म्हणू नका. काय जाणवतंय ते सांगा आणि जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या : ‘ब्रेक मारल्यावर डावीकडे जाते.’

कायदा आणि विमा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे, चालकाला माहीत असलेला किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा धोकादायक दोष असलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवणं हा गुन्हा आहे. ‘मला माहीतच नव्हतं’ ही पळवाट कायद्यानेच बंद केली आहे. विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड धरलेले नसतात. नुसता टायर फुटला तर पैसे मिळत नाहीत. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचे मिळतात, आणि तेही निम्मे.

लांबच्या प्रवासाआधी सर्व्हिसिंग कधी करू?

निघायच्या आदल्या दिवशी तर मुळीच नको. चार-पाच दिवस आधी करा आणि तेवढे दिवस गाडी शहरात चालवा. ढिला राहिलेला पाइप, विसरलेलं झाकण, गळती, जे काही असेल ते वर्धा रोडवर कळलेलं बरं, मेहकरजवळ नको. चाकं काढून लावली असतील तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा कसून घ्या.

एवढं करूनही वेगात टायर फुटलाच तर?

ब्रेक जोरात मारू नका, इथेच गाड्या उलटतात. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून सरळ ठेवा, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचला आणि गाडीचा वेग आपोआप उतरू द्या. वेग बराच कमी झाल्यावर हलका ब्रेक, डावा इंडिकेटर, आणि अगदी कडेला. हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावा, सगळ्यांना डाव्या दाराने उतरवा आणि लोखंडी कठड्याच्या पलीकडे उभं करा. लाल त्रिकोण ५० मीटर तरी मागे ठेवा, महामार्गावर त्याहून लांब. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. फुटलेलं चाक रस्त्याच्या बाजूचं, म्हणजे उजवीकडचं असेल तर स्वतः जॅक लावायला बसू नका, गस्तीची गाडी मागे उभी राहीपर्यंत थांबा. स्टेपनी अरुंद, छोट्या आकाराची असेल तर ती लावल्यावर ताशी ८०च्या वर जायचं नाही आणि पहिल्या पंक्चरवाल्याकडे गाडी थांबवायची.